भिंतीच्या बाजूची मुळी

देवराम काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुर्गच्या बाजारात मेथी निवडत होते. फोन माझ्या धाकट्या भावाचा, संजूचा होता. दोन वर्षांत त्याचा हा पहिलाच फोन. "ताई, देवराम काका गेले," तो म्हणाला. मी "हो" म्हटलं.  मग त्यानं फोन ठेवला. घरी येईपर्यंत मी काकांसाठी रडत होते, आणि खरं सांगायचं तर संजूचा आवाज ऐकला म्हणूनही. आज, दीड महिन्यानं, त्या रडण्यातला काकांच्या वाट्याचा भाग मला परत हवा आहे.

काका आमचे शेजारी. दोन क्वार्टरांच्या मधे एकच भिंत. तेही आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे. भिलाईच्या स्टील प्लांटच्या बागेत उभा जन्म काढला आणि तिथूनच रिटायर झाले. आई त्यांना राखी बांधायची. झाड वाळायला लागलं की सगळा सेक्टर काकांच्या दारात. भिलाईत लोक प्लांटच्या लाल धुळीवर ढकलून मोकळे होतात, पण काकांना ते खपायचं नाही. "धुळीनं पान मळते, झाड मरत नाही," म्हणायचे आणि खिशातून पितळी मुठीचा छोटा चाकू काढायचे. शेंड्याकडून वाळत आलेली फांदी धरायची, साल नखभर खरवडायची, तपकिरी लागलं की आणखी खाली... हिरवं लागेपर्यंत. कुणाच्या संत्र्याच्या खोडातून डिंक गळत असला तर बुंध्याशी साचणारं पाणी आधी दुसरीकडे वळवायला लावायचे. जास्वंदीच्या फांदीवर खोलगट काळा डाग दिसला तर डागाच्या वीतभर खाली निरोगी लाकडात काप घ्यायचे आणि दर कापानंतर चाकू स्पिरिटनं पुसायचे. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, पण झाड बघायला शिकले ते काकांकडून. "वाळल्या टोकाले काय पाह्यतं, बाई? बिमारी तिथं दिसते, राहते दुसरीकडंच," ते मला सांगायचे. "अन् झाड एकाच अंगानं वाळून राहिलं असंन, तर त्या अंगाची मुळी उकरून पाह्य."

आमच्या अंगणात आईचं कागदी लिंबू होतं. गावाहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं, संजूच्या जन्माच्या वर्षी लावलेलं. आई त्याला संजूचं झाड म्हणायची. दोन वर्षांपूर्वी आम्ही मामाकडच्या लग्नाला आठवडाभर गावी गेलो आणि परत आल्यावर महिन्याभरात त्याचे शेंडे वाळायला लागले. भिंतीकडच्या फांद्या आधी. हे मी पाहिलं होतं. शाळेत हेच मुलांना शिकवतही होते. तरी काकांना हाक मारली, कारण वैद्य घरात असताना आपण कशाला नाडी बघायची? काका आले, एका फांदीची साल खरवडली आणि चाकू लगेच मिटला. भिंतीकडे वळलेसुद्धा नाहीत. "इथं तेल-गिल सांडलं का कोणाचं?" एवढंच विचारलं.

संजू तेव्हा हथखोजच्या एका कारखान्यात लागला होता. पाण्याची टाकी करायला म्हणून त्यानं तेलाचे दोन रिकामे ड्रम आणून फाटकाशी ठेवले होते. फाटकाशी... भिंतीच्या अगदी दुसऱ्या टोकाला! पण मला तेवढं पुरलं. काकांसमोरच मी त्याला नाही नाही ते बोलले. "म्या काहीच नाही सांडवलं, ताई. कावून माह्यावर टाकून राहिली?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आई झाडाच्या बुंध्याशी मटकन बसली. तेव्हा काका काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. "जाऊ दे बाई. लेकरूच आहे, झाली चूक."

त्यांनी त्याला माफ करून टाकलं! त्या माफीनं गुन्हा कायमचा त्याच्या नावावर चढला. झाडही पुढे पुरतं वाळलं. संजू बायकोला घेऊन हुडको कॉलनीत राहायला गेला. आईला भेटायला यायचा तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी शेजारी निघून जायचे, काकांच्याच ओसरीवर चहा घ्यायला. गेल्या हिवाळ्यात आई गेली. संजूला निरोप द्यायला काकाच गेले, सायकलवर. त्याच्या समोर उभं राहूनही त्यांना खरं सांगता आलं नाही.

काकांच्या तेरवीला घर पाहुण्यांनी भरलं आणि त्यांच्या मागच्या बाथरूमचं पाणी तुंबलं. प्लंबरनं पाईप शोधत भिंतीलगत, त्यांच्याच बाजूनं खणलं. हातभर खाली पाईप लागला आणि पाईपच्या दोन्ही अंगांना लिंबाची मुळी. मनगटाएवढी, कुऱ्हाडीनं सपाट तोडलेली. मी खड्ड्याच्या काठावर उभी होते. हातात काकांचाच चाकू होता, सकाळी काकूंनी आठवण म्हणून दिलेला. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "माहे गुडघे दुखत, म्हणून मांगं बाथरूम काढलं. तुमी लग्नाले गेले होते तवा लाईन टाकली. सांगतो, सांगतो म्हणत राह्यले... मंग लाज वाटे त्यायले. सारे लोक झाडं दाखवाले येत न..."

म्हणजे काकूंनाही ठाऊक होतं. एक मुळी तुटली, एवढंच तर होतं. काका, त्याच दिवशी सांगितलं असतंत तर आईनं चार शब्द सुनावले असते आणि संध्याकाळी पाटवडी पाठवली असती. तुम्ही मात्र झाडापाठोपाठ माझा भाऊ तोडलात. लोक विचारतात, काकांवर लिहिणार ना, किती प्रेमळ होते. होते. म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही.

मी संजूला फोन करून बोलावलं. तो आला, खड्ड्यात उतरला, मुळीच्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. मी रडत म्हणाले, "काकांनी फसवलं रे आपल्याला." तो वर न बघता म्हणाला, "काकाले त लाज होती, ताई. तुले काय झालं होतं?"



मग त्यानं करवतीनं मुळीचा वीतभर तुकडा कापला, नळाखाली माती धुतली, आमच्या घरात नेला आणि आईच्या फोटोपुढे ठेवला. कुऱ्हाडीचा घाव तिच्याकडे करून. "आई, पाह्य आता," म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला. काकांचा फोटो आमच्याकडे नाही. तो तुकडा आहे. रोज फोटो पुसताना मी तो उचलते आणि पुन्हा त्याच तोंडानं ठेवते.