एक पट्टी खाली

मुलगा बंगळूरला सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन आहे, एवढं माझ्या वडिलांना पुरलं होतं. मला पुरलं नव्हतं. मुलाकडची मंडळी निपाणीला आमच्या घरी बघायला आली तेव्हा चहाचा कप पुढं करता करता मीच विचारलं, "गाता का?" अशा मुलीला आमच्याकडे आगाऊ म्हणत. ह्यांनी कप खाली ठेवला आणि बसल्या जागी एका नाट्यपदाची पहिली ओळ म्हटली. आतल्या बायका कामं टाकून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पुरुषाचा आवाज इतका वर आणि इतका स्वच्छ मी कधी ऐकला नव्हता. तो बायकी नव्हता, पातळही नव्हता. पुरुषाचाच आवाज, पण राहायचा वर. चहा गार झाला आणि लग्न ठरलं.

पन्नासचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. राजाजीनगरात तेव्हा नवी घरं उठत होती, रस्ते लाल मातीचे होते आणि बसमधून उतरून घरापर्यंत येताना पायातल्या चपला लाल व्हायच्या. आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भिंतीपलीकडे एक कानडी बाई राहायच्या, वयानं माझ्या आईएवढ्या. मी त्यांना अक्का म्हणायची. त्यांना मराठी कळायचं नाही, पण आमचं गाणं सुरू झालं की त्या आपल्या पायरीवर येऊन बसायच्या. गाणं आम्ही रोज म्हणायचो. स्वयंपाक करपायचा, पण गाणं चुकायचं नाही.

शहरातल्या मराठी मंडळाचं दरवर्षी गणपतीत एक संगीत नाटक व्हायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी हे नायक झाले आणि मी नायिका. खरे नवरा-बायको स्टेजवर राजा-राणी म्हणून उभे राहणार, याचं मंडळींना भारी कौतुक होतं. काही म्हाताऱ्यांच्या नाकाला मिरच्याही झोंबल्या. मला दोन्ही आवडलं.

आता पट्टीचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आलं. पेटीच्या ज्या पट्टीला गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. माझी काळी चार. म्हणजे डावीकडून चौथी काळी पट्टी. त्या पट्टीत माझा आवाज खुलायचा, वरचे सूर लखलखीत लागायचे, आणि ते मला चांगलं ठाऊक होतं. ह्यांची पट्टी काळी दोन. पुरुषाला ती काही कमी नाही, सहज गात ते त्या पट्टीत. पण आमच्या नाटकात राजा-राणीची पदं एकमेकांत गुंफलेली होती, अर्धी ओळ माझी, अर्धी त्यांची. मध्ये पट्टी बदलायची सोय नव्हती. मग कुणाची धरायची? मंडळात जुने नाटकवेडे होते. आमच्या वेळचे नट काळी चारला गायचे, वर चढेल तोच खरा गवई, असं ते तालमीला येऊन सांगायचे. ते ऐकून मी ह्यांच्याकडे बघायची. हे हसून म्हणायचे, "चार तर चार."

पहिली दोन वर्षं हे माझ्या पट्टीत गायले. वय होतं, दम होता. माझी एकेक तान ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी कितीही वर चढेल. तिसऱ्या वर्षी तालमी सुरू झाल्या तेव्हा ह्यांच्या गालात सकाळपासून ज्येष्ठमधाची काडी असायची. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालायच्या. अक्का एकदा मला अंगणात थांबवून कानडीत म्हणाल्या, "थोडं कमी कर ग, त्यांच्या गळ्याला त्रास होतोय." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, अक्कांना गाण्यातलं काय कळतंय!

ह्यांच्या कारखान्यात एक अँग्लो-इंडियन फोरमन होते. कॅन्टोन्मेंटमधल्या एका चर्चच्या गायकवृंदाचे ते प्रमुख. त्यांचे गाणारे पुरुष एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून चालले होते, आणि वरच्या आवाजाचे तर दोनच उरले होते. ड्रॉइंग ऑफिसात हे गुणगुणताना त्यांनी ऐकलं आणि एका शनिवारी संध्याकाळी सरावाला बोलावलं. मीही गेले. पाठीमागच्या बाकावर मंगळसूत्र पदराआड करून बसले. का, ते मलाही ठाऊक नाही.

तिथं मी पहिल्यांदा टेनर हा शब्द ऐकला. फोरमननी पियानोवर एक सूर दिला, ह्यांना वर वर नेलं, आणि एका जागी थांबून ते मोडक्यातोडक्या कानडीत म्हणाले, "तुझा आवाज टेनर आहे. पुरुषाच्या आवाजातला सगळ्यात वरचा मजला. पण त्याच्यावर छप्पर असतं. रोज त्या छपराला डोकं आपटून घेऊ नकोस."

मग सगळे एकदम गायले. त्या गाण्यात बायका वर, त्यांच्या उंचीवर. जाड आवाजाचे पुरुष खाली. आणि हे मध्ये, चारपाच सुरांत फिरणारी एक साधी ओळ घेऊन. चाल ह्यांच्या वाट्याला नव्हतीच. दोनदा सवयीनं ह्यांनी त्या ओळीला मुरकी लावली आणि सगळे हसले, हेही हसले. कितीतरी महिन्यांनी मी ह्यांच्या मानेच्या शिरा सैल पाहिल्या. चेहरा तर असा फुलला होता की मला रागच आला. खरं तेच सांगते. माझ्याशिवाय हा माणूस इतका छान गातो, हे मला सोसलं नाही.

बसस्टॉपकडे चालताना हे म्हणाले, "बघितलंस? जो तो आपापल्या जागी गातो, आणि तरी गाणं एकच."

मग म्हणाले, "अगं, एक विचारू? या वर्षी आपण काळी तीन धरू या का? तू एक पट्टी खाली ये. मी एक पट्टी वर येतो. मधोमध."

किती सरळ मागणी होती. एक पट्टी. आणि मी काय म्हणाले? "अहो, तीनमध्ये माझा आवाज झाकून जातो. लोक मला ऐकायला येतात. तुम्हाला झेपत नसेल तर जा तिकडेच, चर्चमध्ये गा."

हे पुढच्या शनिवारी चर्चला गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. पट्टीचा विषय त्यांनी परत काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

नाटकाचा प्रयोग रविवारी दुपारी होता. सकाळपासून ह्यांचा घसा जड होता, गणपतीतल्या पावसाळी हवेनं सर्दीही झाली होती. पेटीवर मंडळाचे मास्तर होते, साठी उलटलेले, आवाज ओळखणारे गृहस्थ. मेकअपच्या खोलीत येऊन ते माझ्याशी बोलले, ह्यांच्याशी नाही. "वहिनी, आज तीन धरू या. त्यांचा घसा ठीक दिसत नाही." मी कपाळावर कुंकू रेखत होते. आरशातूनच म्हटलं, "तालमी चारमध्ये झाल्यात, मास्तर. आयत्या वेळी नको."

पहिले दोन अंक झाले. हे जपून गात होते. तिसऱ्या अंकात आमचं दोघांचं पद होतं, त्याचा शेवट ह्यांच्या एकट्याच्या ओळीनं व्हायचा. ती ओळ तार सप्तकात थेट गंधारापर्यंत चढायची. काळी चारमध्ये तो गंधार म्हणजे खरोखरच छपराबाहेर. ह्यांनी तो घेतला. कसा घेतला, त्यांनाच माहीत. सभागृह दणाणलं आणि वन्स मोअर आला.

वन्स मोअर आला की परत गायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. नट दमला का, घसा ओरडतोय का, हे कुणी बघत नाही. तो लोकांचा हक्क आणि आमचा मान. दुसऱ्यांदा गाऊन झालं, आणि परत वन्स मोअर. तेव्हा मास्तरांनी पेटीवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तीन बोटं पेटीच्या कडेवर ठेवली. तीन? टाळ्या अजून चालूच होत्या. त्या गोंधळात पट्टी उतरली असती तर चार जाणकारांपलीकडे कुणाला कळलंसुद्धा नसतं. हेही माझ्याकडे बघत होते. मला आजही ते डोळे दिसतात. त्यांत विनवणी नव्हती. मी काय ठरवते, एवढंच ते बघत होते. मी मान हलवली. नाही.

तिसऱ्यांदा त्या गंधारावर ह्यांचा आवाज फाटला. एक खरखर आली, आणि मग काहीच नाही, तोंड उघडं आणि आवाज नाही. लोकांना वाटलं, राजाला दुःख अनावर झालं. टाळ्या थांबेनात. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी राणीच्या वेषात ह्यांच्या हाताला धरून उभी होते आणि तो हात गार पडला होता.

दुसऱ्या दिवशी घसा बसला, चौथ्या दिवशीही तसाच. डॉक्टरांनी आरसा घालून तपासलं आणि सांगितलं, स्वरतंतूंना इजा झालीय, महिनाभर अक्षर बोलायचं नाही. ह्यांनी एक पाटी आणली. पाटीवर लिहायचे, 'मीठ कमी', 'कारखान्यातून येताना भाजी आणतो'. एकदाही त्या पाटीवर माझ्या चुकीबद्दल शब्द आला नाही. मी रोज वाट बघायची. लिहा ना काहीतरी. शिवी लिहा. पाटी हातात घेतली की मी हातातलं काम टाकून वाचायला जायची, आणि त्यावर असायचं, 'दूध उतू जातंय'.

महिना संपला. आवाज आला, पण बोलायचा. जाडसर, थोडा घोगरा, चारचौघांसारखा. वरचं सगळं गेलं होतं. एकदा मी बाहेर कपडे वाळत घालत होते. ऐकायला कुणी नाही असं समजून आत ह्यांनी मध्य सप्तकातला सा लावला, मग रे, ग, म. पंचमावर आवाज पसरला. ते थांबले. परत खालून आले. परत तिथंच. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत. पायरीवर अक्का बसल्या होत्या. त्या उठून निमूट आत गेल्या. मी ओला सदरा तोंडाशी धरून तिथंच उभी राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात फोरमनही ऑस्ट्रेलियाला निघाले. निरोप घ्यायला घरी आले, सोबत केक आणला होता. ह्यांनी "या, बसा" म्हटलं, आणि तो आवाज ऐकून ते क्षणभर दारातच थांबले. जाताना ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "माझ्या वृंदात तुझी जागा रिकामीच राहिली." मी केक कापून बशीत ठेवला होता. कुणी खाल्ला नाही.

त्या वर्षी मंडळानं मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. हे ऐकेनात. "माझं गेलं म्हणून तू गप्प बसलीस तर घरात दोन मुके होतील," म्हणाले. चार दिवस भांडण झालं, म्हणजे मी भांडले. शेवटी गेले.

नायक नवा होता, बँकेतला तरुण मुलगा. आवाज बरा, पण काळी चार काही त्याला झेपेना. दुसऱ्याच तालमीला मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीन धरू." मी म्हटलं, "सरी, तीनच धरू." एका शब्दानं वाद घातला नाही. एका परक्या मुलासाठी मी एक पट्टी खाली आले, आणि माझं काही बिघडलं नाही. आवाज झाकला गेला नाही. वन्स मोअरसुद्धा आले.

हे पहिल्या रांगेत बसले होते. मी स्टेजवरून त्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी घरी आलो. मी तशीच, तोंडावरचा रंग न उतरवता चहा टाकला. कप पुढं ठेवला. ह्यांनी दोन घोट घेतले आणि आपल्या त्या जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तीनमध्ये छान लागतो ग तुझा आवाज. भरीव लागतो."

टोमणा असता तर मी भांडले असते, भांडायला मी कधी कमी पडले नाही. पण त्यात टोमणा नव्हता. गाणं कळणाऱ्या माणसानं मनापासून दिलेली दाद होती ती. मी "हो का" म्हटलं आणि त्यांच्याकडे पाठ करून चहाचं भांडं घासायला घेतलं.