पाडव्याच्या दिवशी पाचनईची वाट

थोरल्या जाऊबाईंना मी अक्का म्हणते. थोरले दीर गेले त्या वर्षी घरात दिवाळी झाली नाही, ते साहजिकच होतं. पण दुसरी दिवाळी आली तरी अक्का देवळाली प्रवरेच्या बाहेर पडल्या नव्हत्या. मळ्यात जायच्या, गाईंचं बघायच्या, घरी यायच्या. बाजार नाही, लग्नकार्य नाही, पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीकडंही नाही. लेक फोनवर आधी चिडायची, मग रडायची.

आम्ही दोघं नवरा-बायको राहात्याला असतो. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवते. दिवाळीला मात्र गावी, अक्कांकडे. त्या वर्षी मला धास्ती होती ती पाडव्याची. त्यांच्यासमोर मी नवऱ्याला ओवाळायचं कसं? म्हणून मीच टूम काढली, की पाडव्याला हरिश्चंद्रगडावर महादेवाला जाऊ. आपलीच गाडी, दारातून निघायचं आणि दारात यायचं. अक्का नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी लेकीचे जुने बूट पायात घालून बघितले आणि म्हणाल्या, "चावत न्हाईत. जाऊ."

पहाटे निघालो. अकोले, राजूर मागं टाकून गडाच्या पायथ्याला, पाचनईला पोचलो तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. आमच्या ह्यांचा गुडघा दुखरा, त्यामुळे ते खाली गावातच थांबले. ज्या घरी आम्ही जेवण सांगितलं होतं, तिथल्या बाईंनी वाट दाखवली. म्हणाल्या, "एकच वाट हाय. चुकायचा सवालच न्हाई. कड्याखालून जाताना मातर बेतानं."

पावसाळ्यातलं गवत पिवळं पडून आडवं झालं होतं. जरा वर चढल्यावर झाडी लागली आणि एकदम गारवा आला. अक्का पुढं, मी मागं. साडी वर खोचून त्या बांधावरून चालल्यासारख्या चालत होत्या. मला धाप लागायची आणि मी उभी राहायचे, त्याही थांबायच्या, पण मागं वळून बघायच्या नाहीत. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असावं.

धाप लपवायला मी बोलायला लागले. सहावीच्या मुलांना सांगते तेच. दोन हजार वर्षांपूर्वी खाली कोकणातल्या बंदरांतून रोमपर्यंत व्यापार चालायचा, तो माल ह्याच डोंगरातल्या घाटवाटांनी बैलांच्या, गाढवांच्या पाठीवरून वर यायचा.

"रोम म्हंजी कुठं?"

"समुद्रापलीकडं. लांब."

"अन् त्यांना आपलं काय लागायचं?"

"मिरी, तलम कापड. आणि ते आपल्याला सोन्याची नाणी द्यायचे, दारू द्यायचे."

"दारू?" अक्का थांबल्या. "म्हंजी आपन कापड देयाचं अन् त्यांनी दारू. चांगला बाजार हाय!"

दीड वर्षात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते. हसणं थांबल्यावर त्यांनी तोंडावर पदर घेतला, जणू कुणी पाहिलं असतं तर वाईट दिसलं असतं.

झाडीतच एके ठिकाणी वाटेच्या कडेला एक दगड दिसला, अर्धा मातीत गेलेला. अक्कांनी त्याच्यावरचं गवत उपटलं, बाटलीतलं पाणी ओतून तो हातानं पुसला. वीरगळ होता. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, मधल्या चौकटीत तोच माणूस दोन स्त्रियांच्या मध्ये, सगळ्यात वर शिवलिंग.

"कोन हाय हा?"

"लढाईत मेलेला कुणीतरी. गावानं त्याच्या आठवणीला दगड कोरला."

"अन् ह्या बाया?"

"अप्सरा. त्याला स्वर्गात नेतायत."

अक्कांनी त्या दोघींवरून बोट फिरवलं. "मंग ह्याची बायकू कुठं हाय?"

वर्गात असा दगड मी किती वेळा फळ्यावर काढला असेल. हे कुणी विचारलं नव्हतं. "ती दगडावर नाही, अक्का."

"व्हय," त्या म्हणाल्या. "ती घरी असंल." आणि चालायला लागल्या.

कड्याखालची वाट जाताना मला काही वाटलं नाही. एका हाताला काळा पाषाण, छतासारखा डोक्यावर आलेला, दुसऱ्या हाताला दरी. पण मी अक्कांच्या पाठीकडं बघत गेले. मग ओढा, पठार, आणि खोलगट जागेत ते दगडी देऊळ. त्याच्या मागं कोरलेल्या गुहा, पुढं पुष्करणी. केदारेश्वराच्या गुहेत गार पाणी भरलेलं, मधोमध भलंमोठं शिवलिंग आणि छताला टेकलेला एकच खांब. बाकीचे तीन तुटून गेलेले. अक्का साडीसकट पाण्यात उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी प्रदक्षिणा घातली आणि थरथरत काठावर आल्या. मी शाल पुढं केली. अंग पुसता पुसता त्या म्हणाल्या, "तू मला आज घराभाईर का काढलं, ते कळत न्हाई व्हय मला? तू माझ्याम्होरं ओवाळलं असतं तरी मला चाललं असतं गं. तो माझा दीर हाय. त्याला कुनी ओवाळू नये असं मला का वाटंल?"

 मी त्यांच्या साडीचा पदर पिळत बसले.

उतरताना मात्र माझी गत वाईट झाली. चढताना नजर अक्कांच्या पाठीवर होती, आता उतारावर ती सरळ दरीत जात होती. कड्यावरून पाणी झिरपून एक टप्पा ओला झाला होता. माझा पाय सरकला, अगदी वीतभरच. मी पटकन बसले. काही लागलं नाही. पण मग उठताच येईना. पाय आपले नाहीतच असं वाटायला लागलं. खाली झाडांचे शेंडे दिसत होते आणि ते वर येतायत असा भास व्हायला लागला. मला आठवतं, मी म्हणाले, "अक्का, तुम्ही जा, ह्यांना बोलवा." गुडघा दुखणारा माणूस तिथं येऊन काय करणार होता, देव जाणे.

अक्का माघारी आल्या. त्यांनी मला उठवायचा प्रयत्न केला नाही. बाहेरच्या बाजूला, माझ्या आणि दरीच्या मध्ये, त्या शांतपणे बसल्या.

"माझं बी असंच झाल्तं," त्या म्हणाल्या. "दोनदा राहुरीला जायाचं म्हनून स्टँडवर गेल्ते. यष्टी आली. पायच उचलंना. लोक चढले, गाडी गेली, मी माघारी आले."

"आम्हाला कधी बोलला नाहीत."

"काय बोलू? तुमाला वाटायचं, मालक गेल्याचं दुःख हाय. ते तर हायच. पन मला भ्या वाटायचं गं. बाजार त्यांनी केला, ब्यांक त्यांनी केली, लेकीकडं गेले तर त्यांच्या मागं मागं गेले. पुन्याला कुठं उतरायचं ते बी मला ठावं न्हाई. पन्नाशीच्या बाईनं हे कुनाला सांगायचं?"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या दुःखाला केवढं जपलं होतं. त्यांच्यासमोर हसायचं नाही, सण करायचा नाही. भीतीबद्दल विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मी त्यांचा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत आणि अजून गार होता.

"आता अस्सं कर," अक्का म्हणाल्या. "उठूच नको. बसल्या बसल्या सरक. कोन बघायलंय हितं?"

मग आम्ही दोघी, एक इतिहासाची बाई आणि तिची थोरली जाऊ, लहान पोरी घसरगुंडीवर सरकतात तशा इंच इंच सरकत तो ओला टप्पा उतरलो. मध्येच एक वानर वरच्या कपारीतून आमच्याकडं बघत होतं. "ह्यो बघतोय की," अक्का म्हणाल्या, आणि मला हसू आवरेना. हसता हसता पायांत जीव आला. माझ्या पंजाबी ड्रेसचं मात्र मागून वाटोळं झालं.

पाचनईत नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा होता. अक्कांनी दोन भाकरी खाल्ल्या. घरची बाई वाढताना म्हणाली, "पुन्यांदा या, पावसात या." अक्का म्हणाल्या, "येऊ की."

डिसेंबरात मी शनिवार धरून गावी गेले. रविवारी सकाळी आम्ही दोघी स्टँडवर गेलो. मी फक्त सोबत उभी राहणार, असं ठरलं होतं. पुण्याची गाडी आली. अक्का दांडीला धरून क्षणभर थांबल्या. मागचा माणूस "चढा की मावशी" म्हणाला, आणि त्या चढल्या. खिडकीची जागा मिळाली. लेक शिवाजीनगरला घ्यायला येणार होती.

दुपारी त्यांचा फोन आला. मी घाबरतच उचलला.

"पोचले," अक्का म्हणाल्या. "गाडीत शेजारी एक बाई हुती, लई बोलत हुती. डोकं उठलं माझं."