बोगनवेलीची खरड छाटणी

शंभर वर्षांची एक बोगनवेल मी पाऊण तासात संपवली. कोकणातल्या वादळांनाही ते जमलं नव्हतं.

आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग. बागवाल्याच्या बायकोला सुट्टी नसते. छाटणी झाली की फुटवे, फुटवे झाले की घड, घड विकले की पुन्हा छाटणी! लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तरी सुनंदाला समुद्र दाखवायचा राहूनच गेला. यंदा मार्चअखेर माल निघाला आणि तीच म्हणाली, "अहो, एप्रिलच्या खरड छाटणीआधी आठ दिवस मोकळे आहेत. आता नाही तर कधीच नाही." फोनवर तिनं एक हॉटेल दाखवलं. मुरुडच्या पुढचा, इंग्रजांच्या काळातला बंगला, आणि ओसरीवर राणी रंगाच्या फुलांनी लगडलेली बोगनवेल.

"इथं बसून आपला दोघांचा एक फोटो काढायचा. आपला दोघांचाच असा एकही फोटो नाही. बाकी मला काही नको."

(एक आहे, रेशनकार्डावर. पण त्यात मध्ये आई बसलीय!)

अलिबाग सोडलं आणि रस्ता समुद्राला चिकटून चालला. सुनंदा काच खाली करून नुसती बघत होती. आणि मी?

"ह्या उतारावर ठिबक कसं करत असतील गं?"

"समुद्र बघा की!"

"बघतोय ना. पण हे खारं वारं पानाला लय वाईट."

तिनं काच वर केली.

हॉटेलात पोचेपर्यंत उजेड गेला होता. "फोटो सकाळी," असं म्हणून तिनं ठेवणीतली हिरवी साडी खुर्चीवर काढून ठेवली.

उजाडताच मी ओसरीवर गेलो. वेल बघितली आणि जीव तुटला हो! आत वाळक्या काड्यांचा गुंता, हवा खेळायला जागा नाही. एक फांदी तर थेट बाकावर लोंबत होती. सुनंदा बसली की तोंडावर सावली पडणार. म्हटलं, तेवढी एक काढू. कात्री गाडीच्या डिकीत असतेच (देवदर्शनालाही असते!).

एक काढली. मग दुसरी बाजू जड दिसायला लागली. तीही काढली. मग हात आपला आपणच चालायला लागला. पाऊण तासानं चार पावलं मागे सरकून पाहिलं. काय देखणी छाटणी! सगळ्या काड्या एका मापाच्या. फूल एकही नाही.

"अहो, हे काय केलंत!" मागे हॉटेलचे म्हातारे मालक उभे होते. "ही वेल माझ्या आजोबांनी लावलीय!"

"तरीच! तेव्हापासून कुणी नीट छाटलेली दिसत नाही."

असं मी खरंच बोललो!

तेवढ्यात सुनंदा आली. हिरवी साडी, केसांत गजरा. तिनं वेलीकडे पाहिलं, जमिनीवरच्या फुलांच्या ढिगाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"इथंसुद्धा?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन साडी बदलून आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवाळीनंतर मालकांचा फोन आला. "साहेब, वेल अशी फुललीय की पान दिसत नाही! वहिनींना घेऊन या. तुमचा फोटो राहिलाय ना!"

मी ऐटीत घरात गेलो. "बघ! छाटणी उगाच केली नव्हती!"

"मग निघायचं कधी?" तिचे डोळे चमकले.

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाग ऐन फुलोऱ्यात, वर ढग जमलेले. औषध मारायला माणसं यायची होती. मी काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "राहू द्या. कळलं."

ती तिच्या लासलगावच्या बहिणीला घेऊन गेली. काल फोटो आला. तोच बाक, डोक्यावर फुलंच फुलं, आणि सुनंदा अशी हसतेय की पंचवीस वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'शेजारची जागा मोकळी ठेवलीय.'

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. किती वेळ तो फोटो मोठा करकरून बघत बसलो. मग अगदी मनापासून उत्तर लिहिलं:

'डावीकडचे दोन फुटवे काढायला सांग.'