आई वाट बघतेय

क्लासमध्ये त्याला सगळे काका म्हणायचे. वय काही फार नव्हतं, पन्नाशीच्या अलीकडचं. पण बाकीची मंडळी पंचविशी-तिशीतली, आणि कानशिलं पांढरी झालेला तो एकटाच. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. सगळा दिवस लिफ्टच्या बोगद्यात जायचा. खाली खड्डा, वर मशीनची खोली, मध्ये ग्रीसने माखलेले दोर. आत अडकलेल्यांशी तो दाराआडून बोलायचा, "घाबरू नका, हवा भरपूर आहे, आलोच मी." दार उघडलं की तीच माणसं त्याच्याकडे न बघता, घड्याळ बघत निघून जायची.

जिउ-जित्सू या कुस्तीसारख्या जपानी खेळाचा हा क्लासही त्याला एका बंद लिफ्टमुळेच सापडला. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर काम करताना समोरच्या हॉलमधून धपाधप आवाज आले म्हणून त्याने डोकावून पाहिलं. मोठमोठी माणसं जाड सुती जाकिटं घालून मॅटवर लोळत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती, हातपाय पिरगाळत होती, आणि ज्याला असह्य होईल तो दुसऱ्याच्या अंगावर दोनदा थाप मारत होता. थाप पडली की लगेच सुटका. मग दोघं हसून परत सुरू. काका स्क्रूड्रायव्हर हातात धरून बराच वेळ बघत राहिला. पुढच्या आठवड्यात त्याने नाव घातलं.

तेव्हा त्याची आई जाऊन चार महिने झाले होते. शेवटची सहा वर्षं ती अंथरुणाला खिळलेली. दिवसा तिच्या देखभालीला एक बाई यायची, बाकी सगळं त्याच्याकडे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला सारखी कूस बदलून द्यावी लागे. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि हळूच वळवायचं. आई गेली, बाईचं येणं थांबलं, भाड्याचा पलंग परत गेला. घरात एक चौकोनी मोकळी जागा उरली. तिथे काय ठेवावं ते त्याला सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी क्लास सुटल्यावर सगळे समोर कॉफी प्यायला निघाले. त्यात एक बाई होती, शहरबस चालवायची, म्हणून तिला सगळे बसवाली म्हणत. ठेंगणी, मजबूत, आवाज रस्त्याच्या पलीकडे जाईल असा.

"काका, चला ना कॉफीला!"

"नको, आई वाट बघतेय," तो म्हणाला.

सहा वर्षं कुणीही कुठेही बोलावलं तरी तो हेच म्हणत आला होता. जिभेला वळणच पडलं होतं. काय बोललो ते त्याला खाली रस्त्यावर आल्यावर कळलं. परत जाऊन काय सांगायचं, माझी आई मेलेली आहे? पुढच्या खेपेला सांगू, असं ठरवून तो घरी गेला.

पुढच्या खेपेला बसवालीने आल्या आल्या विचारलं, "आई कशा आहेत?"

"बरी आहे."

झालं. तिथून पुढे ती दर वेळी विचारायची आणि तो सांगायचा. आज गुडघे दुखतायत. आज दोन घास जास्त जेवली. एकदा तर आईने टीव्हीवरचा सामना बघताना पंचाला शिव्या घातल्या, असं सांगून बसला. बसवाली पोट धरून हसली. हिवाळ्यात तिने आईसाठी लोकरीचे मोजे आणून दिले. त्याने ते कपाटात ठेवले आणि दोन क्लास बुडवले. मग पुन्हा गेला. आईबद्दल विचारणारं दुसरं होतं कोण?

असं वर्षभराहून जास्त चाललं.

त्या संध्याकाळी सरावाच्या शेवटच्या झुंजीला त्याची जोडी बसवालीशी लागली. ती त्याच्याहून वजनाने कमी, पण पट्ट्याच्या रंगाने, म्हणजे दर्जाने वरची. काकाने सुरुवातीला बरं धरलं. तिचा पाय दाबून बाजूने वर यायचा प्रयत्न केला. पण दमला, पाठ दाखवली, आणि पाठ दाखवली की या खेळात संपलंच. ती मागून चिकटली, पाय कमरेला अडकवले आणि त्याच्याच जाकिटाची कॉलर त्याच्या गळ्यावर आवळली. थाप मारायला हवी हे त्याला कळत होतं. हातही मोकळा होता. पण मागे कुणाचं तरी अंग होतं, कानाशी कुणाचा तरी श्वास होता, आणि अजून क्षणभर, अजून क्षणभर, करता करता त्याची शुद्ध गेली.

तिला त्याचं अंग सैल पडलेलं जाणवलं. तिने झटकन सोडलं आणि "सर!" म्हणून ओरडली. सरांनी धावत येऊन त्याचे पाय वर धरले. काही सेकंदांचाच प्रकार. अशा वेळी माणूस आपोआप शुद्धीवर येतो. काकानेही डोळे उघडले. शेजारी बसवाली आडवी झाल्यासारखी वाकली होती. त्याने एक हात तिच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "थांब हं, कूस वळवतो."

"काका अजून लढतायत!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बसवाली हसली नाही.

सर म्हणाले, "आज गाडी चालवायची नाही. घरी कोण आहे?"

"आई आहेत, पण त्या झोपून असतात," बसवालीनेच परस्पर सांगितलं. "मी सोडते. वरपर्यंत जाते."

तो नको नको म्हणत राहिला. तिने ऐकलं नाही. आपल्या गाडीत त्याला बसवलं. इमारतीपाशी आल्यावर जिना बघून ती म्हणाली, "लिफ्टवाल्याच्या घराला लिफ्ट नाही? कमाल आहे!"

पहिल्या मजल्याच्या वळणावर तो थांबला. कठडा धरला.

"आई नाहीये."

"कुठे गेल्या?"

"वारली. मी क्लासला यायच्या आधीच."

जिन्यातला दिवा आपोआप विझला. तिने हात हलवून तो परत लावला. तिचा चेहरा त्याने कधी असा पाहिला नव्हता.

"मी दर वेळी विचारत होते, काका. घरी जाऊन माझ्या सासूला सांगायचे, काकांच्या आईंना आज बरं वाटतंय. ती त्यांच्यासाठी हात जोडायची." मग तिने विचारलं, "मोजे?"

"कपाटात आहेत."

ती परत गेली नाही. वर आली, त्याला पाणी दिलं, डोकं दुखतंय का, दोन-दोन दिसतंय का, विचारलं. मग त्या मोकळ्या चौकोनाच्या कडेला खुर्ची ओढून तासभर बसली. बहुतेक वेळ फोन बघत. निघताना दारात थबकली.

"मी कुणाला सांगणार नाही. तुमचं तुम्ही बघा." चप्पल घालता घालता तिचा आवाज जरा खाली आला. "पण आता मी तुम्हाला काय विचारू?"

बसवाली निघून गेल्यावर तो रडला, आई वारली तेव्हाही रडला नव्हता तितका. आई आता कुठेच बरी नव्हती.

पुढच्या क्लासला जोड्या लावायच्या आधी त्याने सरांना थांबवलं आणि सगळ्यांसमोर खरं ते सांगितलं. दोन-तीन वाक्यांत. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणाला राग आला, कुणाला कीव, बऱ्याच जणांना काहीच कळलं नाही. सर खाकरले आणि म्हणाले, "चला, जोड्या लावा."

क्लास सुटल्यावर त्याला कॉफीला कुणी बोलावलं नाही. बोलावून बोलावून त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. तो बूट बांधत बसला, हॉल रिकामा झाला. मग रस्ता ओलांडून आपणहून गेला. टेबलाशी त्याने खुर्ची लावली तशी सगळे थोडे सरकले. बोलणं बसच्या बदललेल्या मार्गावर चाललं होतं. बसवाली नेहमीसारखी मोठ्याने बोलत होती, त्याच्याकडे बघत नव्हती. त्याला मध्ये कुठे शिरायचं ते कळेना. कॉफी संपेपर्यंत तो ऐकत बसला. उठायची घाई त्याला नव्हती. बाकीच्यांना घरून फोन येऊ लागले, तेव्हा तोही उठला.