भोयर काकांचा कुरव

पक्षी बघणाऱ्यांचा आमचा ग्रूप म्हणजे चार माणसं आणि एक स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण. हिवाळ्यात दर रविवारी कळमेश्वरकडच्या एका तलावावर जायचं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून बदकं मोजायची आणि परत यायचं. एवढ्याशा कामात सांगण्यासारखं काय घडणार, असं आमच्या घरच्यांना वाटतं. पण चार उपाशी माणसं सकाळपासून एकाच पाण्याकडे बघत बसली की किस्से आपोआप साचतात.

आमचे म्होरके भोयर काका. कोर्टात क्लार्क होते. रिटायर झाले, पण कोर्ट काही सुटलं नाही. ग्रूपचा नियम त्यांचाच: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत. वर काका उलटतपासणी घेणार ती वेगळीच. बावीस हिवाळ्यांच्या त्या वहीत झाडून सगळी बदकं आहेत, कुरव तेवढा नाही. कुरव समुद्राचा पक्षी, एखादा चुकूनमाकून आमच्याकडे उतरतो. काकांना तो हवा होता आणि यंदा घाई होती. फेब्रुवारीत ते पुण्याला मुलाकडे कायमचे जाणार होते. "एवढा एक राह्यला," असं ते दर रविवारी एकदा तरी म्हणायचे.

*

प्रशांतचं लकडगंजला लाकडाचं दुकान. जानेवारीत एकदा तो पळतच आला.

"काका, कुरव! तपकिरी डोक्याचा कुरव. त्या पाळीवरून उडाला."

"डोकं कसं होतं?"

"एकदम तपकिरी. पुस्तकात हाय तसंच."

"जानेवारीत?"

 या कुरवाचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, तपकिरी होतं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. काका शांतपणे म्हणाले, "तू पक्षी नाही पाह्यला गा. नाव पाह्यलं."

*

मृणाल शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन. एकदा धुक्यात तिला पाण्यावर काहीतरी पांढरं दिसलं. मी स्कोपमधून बघितलं, मलाही दिसलं. दोन साक्षीदार झाले. काकांनी वही उघडली, पण धुकं उठेपर्यंत थांबायला लावलं.

तासाभराने धुकं उठलं. ढिवरांच्या मासे धरायच्या जाळ्याला बांधलेला थर्माकोल होता.

"साक्षीदार बरोबर होते," काका म्हणाले, "आरोपीच चुकीचा निघाला."

*

पाळीवरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने आम्हाला विचारलं, "काय पाहून राह्यले गा?"

"कुरव. समुद्राचा पक्षी आहे," मी सांगितलं.

"मंग इथं काहून पाहता? समुद्रावर जा ना."

 काका स्कोपमधून डोळा न काढता म्हणाले, "तिकडे तो सगळ्यायलेच दिसते." शेतकऱ्याला ते पटलं. तोही पंधरा मिनिटं बसला.

*

जानेवारीचा शेवटचा रविवार. त्या दिवशी काकूही आल्या होत्या. पक्ष्यांसाठी नाही, पुढे कळमेश्वरला बहिणीचा निरोप घ्यायला जायचं होतं म्हणून. पाळीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या. प्रशांतने आपली दुर्बीण त्यांच्यापाशी ठेवली आणि आम्ही तिघं टपरीवर चहाला गेलो.

परत आलो तर काका स्कोपपाशी उभे, चेहरा उतरलेला.

"आला होता," ते म्हणाले. "पाचेक मिनिटं समोर बसला. मी हाका मारल्या तुम्हाले. डोळे पुसले, पुन्हा पाहतो तं जागा रिकामी."

आम्हाला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. म्हणून प्रशांतने ठोकून दिलं, "काका, आम्हीबी पाह्यला ना. टपरीवरून."

"कोणत्या बाजूनं गेला?"

प्रशांतने पूर्वेकडे बोट दाखवलं, मी पश्चिमेकडे. काकांनी पेनाला टोपण लावलं.

"पंखाची टोकं काळी होती," मागून काकू म्हणाल्या. "त्यात पांढरा ठिपका. डोळ्यामागं बी एक काळा डाग होता. बसल्याबसल्या एकदा पंख उघडले त्यानं."

काका वळले. "तू पाह्यला? मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही त्याच्याकडे असे पाहून राह्यले होते, म्हटलं मधात कशाले बोलू."

काकांनी टोपण काढलं आणि थांबले. "पण बायकोची साक्ष मी कशी घेऊ? लोक म्हणतील, घरच्या घरी उरकलं."

"मंग तुमची मी घेते." काकूंनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं. "सांगा, पाय कोणत्या रंगाचे होते?"

कुरवाचे पाय लाल असतात. हे आम्हा तिघांना माहीत, काकांना तर तोंडपाठ. आम्ही तिघंही मनातल्या मनात 'लाल' म्हणत उभे होतो.

काकांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पाण्यावर बसला होता तो. पाय नाही दिसले."

"मलेबी नाही दिसले," काकू म्हणाल्या. "लिहा."