वच्छलाबाईंची शनिवारची पंगत

वच्छलाबाई नाटक चालू असताना रंगमंचाकडे कधीच पाहत नसत. त्यांची दृष्टी जेवणाऱ्यांच्या गळ्यांवर असे. आमच्या उंद्री गावात मारुतीच्या देवळापुढे दर शनिवारी दिवेलागणीला उपवास सोडण्याची, कणकेच्या भाजलेल्या बट्ट्या आणि वरणाची पंगत बसे. कार्तिकातल्या चार शनिवारी त्या पंगतीसमोर आमचे नाट्यमंडळ प्रहसने करी. बाई मंडळाच्या स्वयंपाकीण. चुलीपाशी उभ्या राहून त्या पळी वर धरीत. पळी वर असेतो नटाने विनोदी वाक्य उच्चारायचे नाही, असा त्यांचा दंडक होता.

"घास उतरू द्या, मंग बोला," त्या म्हणत. "बट्टी कोरडी असते, गुरुजी. तोंडात घास असला की मानूस हसत नाही, ठसकते."

प्रहसने मी लिहीत असे. संस्कृताच्या अध्यापनात आयुष्य गेल्यामुळे हास्यरसाची लक्षणे मला मुखोद्गत होती. तो रस माणसाच्या गळ्याशी येऊन कसा थांबतो, हे मात्र मला बाईंनी दाखविले. एकदा माझे एक लांबलचक वाक्य ऐकून त्या म्हणाल्या, "हे सरेपर्यंत वरन थंडं होते. अर्धं कापा." मी कापले. वाक्य पुष्कळच सुधारले.

मंडळाला पंचविसावे वर्ष लागले, त्याच वर्षी कपाशीत बोंडअळी शिरली. अळी लागत नाही म्हणून महाग घेतलेले ते बियाणे; पण बोंड फोडावे तर आत काळवंडलेली सरकी निघे. अशा दिवसांत एका दुपारी बाई माझ्या ओसरीवर आल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुदाम हा मंडळाचा प्रमुख विनोदी नट. तो नुसता प्रवेश करी आणि लोक सरसावून बसत.

"तीन हप्ते झाले, सुदाम वावरात गेला नाही," बाई म्हणाल्या. "पानावर बसते, दोन घास खाते, उठून जाते. इचारलं त भिताडाकडे पाह्यते. गुरुजी, माह्या जिवाले घोर लागला."

"यंदा नाटके नकोत म्हणता?"

"उलटं म्हनतो मी. चारही शनिवार झालेच पाह्यजेत. त्याले मानसांत उभा करा, एवढंच."

संध्याकाळी देवळात बैठक झाली. मंडळाचे ज्येष्ठ सभासद किसनराव कडाडले, "वावरात अळी पडली अन् तुम्ही दात काढून राह्यले! लोक का म्हनतीन? भजन ठेवा."

बाई खांबाआडून पुढे आल्या. "किसनभाऊ, रडाले मंडळ लागत नाही. ते जो तो आपल्या घरी करूनच राह्यला. हसाले मातर चार मानसं लागतात."

दुसऱ्या दिवशी पंगतीसाठी पहिले पीठ किसनरावांच्याच घरून आले.

सुदामने भूमिका घेण्याचे साफ नाकारले. "माय, मले आता हसवता येत नाही."

"हसवू नको. वरन वाढ," बाई म्हणाल्या आणि बादली त्याच्या हाती दिली.

पहिल्या शनिवारी तो एक अक्षर न बोलता वाढत राहिला. दुसऱ्या शनिवारी त्याची भूमिका दुसराच नट करीत होता, आणि ती काही केल्या रंगत नव्हती. मधल्या ओळीतून वृद्ध तुळशीरामकाका ओरडले, "सुदाम, या वरनात दाळ कुठी हाय बे?"

सुदामने वाकून बादलीत पाहिले. गंभीरपणे म्हणाला, "होती काका. अळीनं खाल्ली."

तेथे बसलेल्या प्रत्येकाचे शेत त्या अळीने खाल्ले होते. मग काकाच आधी हसले, आणि पाठोपाठ सगळी पंगत. तोंडात घास, डोळ्यांत पाणी. कोणी ठसकत होते, कोणी शेजाऱ्याची पाठ थोपटत होते. मी चुलीकडे पाहिले. बाईंना पळी वर धरण्याचे भानच राहिले नव्हते. त्या प्रथमच गळे सोडून एका चेहऱ्याकडे पाहत होत्या.

तिसऱ्या शनिवारी सुदामने आपली भूमिका मागून घेतली. चौथ्या शनिवारी प्रहसन संपल्यावर मंडळाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त शाल-श्रीफळासाठी बाईंचे नाव पुकारले गेले, पण त्या व्यासपीठाकडे आल्याच नाहीत. शोधत गेलो, तो पंगत उठल्यानंतर त्या चुलीमागे एकट्याच पान मांडून बसलेल्या. तोंडाचा रंग न पुसता सुदाम त्यांना वाढत होता.

"माय, कपाशीची पऱ्हाटी उपटून टाकतो म्हनतो उद्या," तो म्हणाला. "विहिरीले पानी हाय. हरभरा पेरला त साधते अजून."

बाईंचा हात पानावर थबकला होता. श्रीरामाच्या कृपेचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. तेवढ्यात बाईंनी पान पुढे सरकवले.

त्या म्हणाल्या, "सकाऊन लवकर जा मंग. अन् मले अजून एक बट्टी वाढ."