शिवून दिलेल्या कादंबऱ्या

आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे. हे ऐकतात, खरंच ऐकतात की नाही ते देव जाणे. हे बाइंडर आहेत. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, शिवायच्या, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. ती कामाची खोली एकदा बघाच. पंखा आहे, पण लावायचा नाही, कागद उडतात. खिडक्याही त्यासाठीच बंद. तिथे हा माणूस लग्नाआधीपासून दुसऱ्यांची पुस्तकं शिवतोय आणि घरी येऊन स्वतःच्या कादंबऱ्या लिहितोय.

कादंबरी झाली की कोपऱ्यावरून टाइप करून आणायची आणि मग शिवायची. कापडी पुठ्ठा, गोल कणा, सगळं साग्रसंगीत. सुटी पानं दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे ह्यांना उघड्या अंगाने बाहेर गेल्यासारखं वाटतं. प्रकाशकाकडे माल पोचवायला गेले की गठ्ठ्यांबरोबर हळूच द्यायची आणि म्हणायचं काय, तर "बघून ठेवा जरा." संपलं भाषण. पुढच्या खेपेला काउंटरवरून उत्तर यायचं, "सध्या नको म्हणालेत."

"दुसरीकडे द्या की," मी म्हणायचे.

"सगळी आपलीच गिऱ्हाइकं. मालकांच्या कानावर गेलं तर?"

बाइंडिंगच्या मालकांचं निम्मं काम ह्याच प्रकाशकाचं. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. नोकरी सोडावी तर ह्या वयात दुसरं कोण घेणार? हे खाली मान घालून जेवायचे. "ह्या वेळी कमी पडलो," एवढंच म्हणायचे आणि थोड्या दिवसांत नवीन कादंबरीला बसायचे. मला संताप यायचा. त्यांच्यावर, प्रकाशकावर, त्या बंद खिडक्यांवर.

मध्यंतरी ह्यांची कंबर धरली, म्हणून मालाबरोबर मी गेले. तिथल्या संपादक बाईंनी आत बसवलं. बघते तर समोरच्या कपाटात ह्यांच्या कादंबऱ्या ओळीने लावलेल्या. मला भरून आलं.

"जपून ठेवल्यात हो तुम्ही," मी म्हटलं.

"मग काय. नव्या लेखकांना दाखवतो, असं बाइंडिंग होतं म्हणून. तुमचे मिस्टर दर वेळी नवा नमुना देतात. पण कापडी पुठ्ठा आम्हाला परवडत नाही, म्हणून सध्या नको म्हणतो."

मी कपाळाला हात लावला. "अहो बाई, आत काय आहे ते कुणी वाचलं का?"

त्यांनी एक काढून उघडली. दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसल्या.

"हे त्यांनी लिहिलंय?"

घरी येऊन सांगितलं. वाटलं, चिडतील, नाहीतर हसतील तरी. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"म्हणजे नाकारलं नव्हतंच," मी म्हटलं. "वाचलंच नव्हतं."

"मग इतकी वर्षं मी सुधारत काय होतो?"



बाईंना शेवटची कादंबरी सुटी करून हवी होती, दोघातिघांना वाटून वाचायला. मी आणली परत. कंबर धरूनच हे उठले आणि शिवण कापायला बसले. "द्या, मी कापते," म्हटलं तर म्हणाले, "तुला नाही जमायचं, पान फाटेल." दोरा तुटला की दर वेळी डोळे मिटत होते.

सुटी पानं मीच नेऊन दिली. बाईंचा फोन आला तेव्हा हे पुन्हा कामावर जायला लागले होते. मी तशीच ह्यांच्या कामाच्या खोलीवर गेले. हे घामाने निथळत दुसऱ्या कुणाचं तरी पुस्तक शिवत होते, मालक समोरच बसलेले. मालकांदेखत कसं सांगायचं? पण आणखी आडपडदा मला झेपेना.

"बाई नाही म्हणाल्या," मी सांगून टाकलं. "सुरुवात आवडली, पण दुसरा भाग ताणलाय म्हणाल्या. घेता येणार नाही."

सुई थांबली.

"दुसरा भाग म्हणाल्या?"

"हो."

"कुठपासून ताणलाय?"

"ते नाही विचारलं मी."

"अगं, विचारायचं नाही का!" इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. मालकांनी मान वर केली. मी फोन लावला, तर बोटं खळीने भरलेली असतानाच ह्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"बाई," हे म्हणाले, "कुठल्या पानापासून?"